पॅलुडेरियमची जमीन पुन्हा पुन्हा चिबडते? आधी वात शोधा

पॅलुडेरियम म्हणजे एकाच काचेच्या टाकीत पाणी आणि झाडं लावलेली जमीन. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. टाकी लावल्यावर महिना-दीड महिना सगळं छान चालतं. मग फिटोनिया मलूल होतो, फर्नच्या देठाशी काळपटपणा येतो, मातीवर बारीक काळी चिलटं उडायला लागतात आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाण्याच्या भागातली पातळी मात्र रोज थोडी थोडी उतरत असते. मग माती बदलली जाते, नवी झाडं लागतात आणि दीड महिन्याने पुन्हा तेच. माती बदलली तरी पाणी तिच्यात येण्याची वाट तशीच राहिलेली असते.

द्राक्षाच्या आणि कांद्याच्या या नाशिकच्या मुलखात वाफसा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मातीच्या कणांत पाणीही हवं आणि हवाही हवी. शेत चिबडलं की पीक पिवळं पडतं, तेच इथे दोन फुटी काचेच्या टाकीत होतं. हवा संपली की मुळं गुदमरतात आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. त्यातले काही हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वास त्याचाच.

पुढची सगळी मापं ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीची आहेत, कारण पहिल्या प्रयोगाला बहुतेक जण हीच घेतात. पुढे २५ सेंटिमीटर रुंदीचं पाणी, मागे २० सेंटिमीटर रुंदीची जमीन (तळाशी निचऱ्याच्या खड्यांचा थर, वर माती) आणि मध्ये सिलिकॉनने चिकटवलेली २० सेंटिमीटर उंचीची उभी काच. तिला आपण बांध म्हणू. पाण्याची खोली १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेबावीस लिटर. एक आकडा लक्षात ठेवा: अशा टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली की दीड लिटर पाणी कुठेतरी गेलेलं असतं. टाकीखाली पाणी नाही आणि झाकण बंद आहे, तर ते जमिनीतच गेलं.

काडी आणि टिश्यू

माती उकरण्याआधी दोन तपासण्या करा. दोन्हींना फारसा खर्च नाही.

बांबूची कोरडी काडी, कबाब भाजायला वापरतात तशी, जमिनीत तळापर्यंत सरळ खुपसा. दहा मिनिटं थांबा आणि हळूच बाहेर काढा. काडीवर जमिनीचा उभा छेद उमटलेला दिसतो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर जवळजवळ कोरडे, त्याखाली ओलसर तपकिरी पट्टा आणि खाली चकचकीत ओला, कधी कधी काळा भाग. हा भाग कुठून सुरू होतो ते पेनाने काडीवरच खूण करा आणि नाकाशी धरा. वास नसेल तर जमीन फक्त ओली आहे, निचरा सुधारला की सावरेल. वास असेल आणि काळा पट्टा ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो भाग काढावाच लागेल.

ही काडी आणखी एक गोष्ट दाखवते. एप्रिल-मे मध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की मातीचा वरचा थर काही तासांत फिका पडतो. माती सुकली असं वाटून लोक फवारा मारत राहतात, आणि खाली मुळं बुडालेली असतात. नुसतं वरून बघून पाणी घालणं हे उन्हाळ्यातल्या चिबडण्याचं पहिलं कारण आहे.

दुसरी तपासणी रात्री करायची. पंप बंद करा, काचेवर मार्करने पातळीची रेघ मारा, टाकीचं तोंड क्लिंग फिल्मने पूर्ण झाका आणि टाकीखाली वर्तमानपत्र पसरा. बांधाच्या वरच्या कडेवर, जमिनीच्या बाजूला, कोरड्या टिश्यूच्या बोटभर रुंद पट्ट्या ५-५ सेंटिमीटरवर ठेवत जा. सकाळी बघा. पातळी एक-दोन मिलिमीटर उतरली असेल तर चिंता नको. त्याहून जास्त उतरली आणि एखादी पट्टी भिजली असेल तर पाणी बांधावरून चढतंय, आणि भिजलेल्या पट्टीखालीच त्याची वाट आहे. पट्ट्या कोरड्या आणि पातळी उतरलेली, तर सांध्यातून गळती आहे. पट्ट्या कोरड्या आणि पातळीही जागच्या जागी, तर संशय पंपावर घ्या. पंप चालू ठेवून हीच परीक्षा पुन्हा करा.

वात म्हणजे काय

समईतलं तेल वातीने वर चढतं, तसंच पाणी कोकोपीट, मॉस, सुती दोरा, फिल्टरचा कापूस, तागाचं कापड, झाडाची मुळं यांतून चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. जागा जितकी अरुंद, तितकं पाणी उंच. स्वच्छ काचेच्या १ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. बारीक कोकोपीटमधली छिद्रं या दुसऱ्या जातीची असतात. म्हणून १५ सेंटिमीटर पाण्याला २० सेंटिमीटरचा बांध पुरेसा वाटतो, पण कडेवरून लोंबणारा मॉसचा एक झुपका तो सहज ओलांडतो. आणि एकदा पलीकडचं टोक पाण्याच्या पातळीच्या खाली गेलं की तो झुपका नळीसारखा वागतो. पाणी आपोआप वाहत राहतं.

वातीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. बांधाची काच लपवायला तिच्यावर पांघरलेला जावा मॉस सगळ्यात पुढे. मग एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत असलेलं लाकूड, बांध ओलांडून पाण्यात उतरलेली मनीप्लांटची मुळं, आणि मागच्या भिंतीवरचं कोकोपीटचं लिंपण. या शेवटच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भिंतीचा पीयू फोम (पॉलियुरेथेनचा फुगणारा फेस) फारसं पाणी चढवत नाही, पण त्यावर सिलिकॉनने चिकटवलेला कोकोपीटचा थर पाण्यापर्यंत खाली आणला असेल तर अख्खी भिंतच वात होते. ती ओळखायची खूण म्हणजे पाण्यापासून दोन-चार बोटं वर उमटलेली पांढरी, खरखरीत रेघ. पाणी तिथवर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या टाकीत ही रेघ लवकर आणि ठळक दिसते.

उपाय एकच आहे: पाणी आणि माती यांच्यामध्ये कुठेतरी उघड्या, गुळगुळीत पृष्ठभागाचा पट्टा राहिला पाहिजे. बांधाच्या वरच्या कडेचे २ सेंटिमीटर पूर्ण मोकळे ठेवा आणि माती कडेपासून ३ सेंटिमीटर खाली थांबवा. मॉस पाण्याच्या बाजूच्या दगडांवर सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने (सुपरग्लूचा घट्ट प्रकार) चिकटवा. तो कडेपर्यंत वाढला की दर पंधरवड्याला कातरा. भिंतीचं लिंपण पाण्याच्या रेषेपासून ३ सेंटिमीटर वरपर्यंत खरवडून काढा आणि तिथे फोमवर नुसता सिलिकॉनचा हात फिरवा. लाकडाचा बुडखा मातीत न रोवता निचऱ्याच्या खड्यांवर टेकवा, किंवा त्याचं टोक पाण्यावर अधांतरी राहू द्या. बांध उघडा दिसतो ही तक्रार रास्त आहे. पाण्याच्या बाजूने त्याला चपटे काळे दगड टेकवा. दगडांवर अ‍ॅनुबियास ही पाणवनस्पती धरली की काच दिसत नाही. अ‍ॅनुबियासचं जाड आडवं खोड मात्र खड्यात पुरू नका, ते कुजतं.

सांधा गळत असेल तर

जमिनीच्या कोपऱ्यात विहीर, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी बघायला आणि उपसायला उभा पाइप, असली तर हे निदान सोपं होतं. नसेल तर आता करा: २० किंवा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, खालच्या ५ सेंटिमीटरमध्ये ३ मिलिमीटरची दहा-बारा भोकं, बाहेरून फायबरची मच्छरजाळी गुंडाळलेली, तळापासून मातीच्या वर २ सेंटिमीटर येईल एवढा. त्यातलं पाणी ओढायला ६० मिलीची सिरिंज आणि तिला जोडलेली बारीक नळी. ठिबकच्या दुकानातली ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब यासाठी उत्तम. नाशकात ती मीटरवर कुठेही मिळते.

विहीर पूर्ण उपसा आणि फवारा न मारता चोवीस तास थांबा. विहिरीतली पातळी पाण्याच्या भागाच्या पातळीला येऊन थांबली तर सांधा उघडा आहे. टाकीत मासे-कोळंबी नसतील तर पाण्याच्या भागात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकले की विहिरीत रंग दिसून खात्री पटते.

वरवर सिलिकॉन फासून हा सांधा कधीच बसत नाही, आणि वारंवार परत येणाऱ्या गळतीचं मूळ यातच आहे. नवं सिलिकॉन जुन्या सुकलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही. त्या बाजूची पूर्ण जुनी पट्टी ब्लेडने काचेपर्यंत खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काच कोरडी ठणठणीत होऊ द्या. काचेसाठीचं, बुरशीनाशक नसलेलं, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठी म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना आणि कोळंबीला घातक ठरतं. ८ ते १० मिलिमीटर जाड पट्टी एका दमात ओढा, ओल्या बोटाने दाबा, सात दिवस हात लावू नका. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते रेंगाळतं. टाकीत पाण्याची वाटी ठेवून तोंड सैल झाकलं तर काम नीट होतं. मग फक्त एका बाजूला पाणी भरून दुसऱ्या बाजूच्या सांध्यालगत टिश्यू अंथरा आणि ४८ तास बघा. बाजू बदलून पुन्हा तेच. हे चार दिवस वाचवायला गेलं की पुढे दीड महिना वाया जातो.

पंप, धबधबा आणि लाइट जाणं

धबधबा पुढे पडतो असं दिसतं, पण दगडाच्या जिभेखालून पाण्याचा पातळ पापुद्रा मागे सरकतो आणि जमिनीत मुरतो. गवंडी छज्जाच्या खालच्या कडेला खाच ठेवतो ती याचसाठी. जिभेच्या खाली, टोकापासून १ सेंटिमीटर आत सिलिकॉनची आडवी बारीक रेघ ओढा. पाणी तिथे तुटून खाली पडेल. जीभ बांधाच्या पुढे किमान ४ सेंटिमीटर आलेली हवी. एवढ्या टाकीला तासाला २०० ते ३०० लिटरचा पंप भरपूर होतो. त्याहून मोठा लावला की शिंतोडे जमिनीवर पडत राहतात.

लाइट गेली की वेगळाच प्रश्न येतो. नळीत, धबधब्याच्या कुंडात आणि दगडांवर असलेलं सगळं पाणी खाली उतरतं आणि पातळी वाढते. पंप चालू असताना पाणी कडेपर्यंत भरलेलं असेल तर ते बांधावरून जमिनीत जातं. म्हणून भरण्याची खूण नेहमी पंप बंद असताना करा: बंद पंपाला पाणी कडेच्या ५ सेंटिमीटर खाली. वरच्या कुंडात नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर लाइट गेल्यावर ती उलटी ओढून सगळं कुंड रिकामं करते. तोंड पाण्याच्या वर ठेवा, किंवा नळीला कुंडातल्या पाण्याच्या लगेच वर २ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकातून हवा शिरली की उलटा प्रवाह तुटतो.

गळती नाही, वात नाही, तरीही जमीन ओली

असंही होतं, आणि मग हिशेब फवाऱ्याचा असतो. जमिनीचं क्षेत्र ६० × २० म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर रोज १०० मिली पडलं तर आठवड्याला ७०० मिली. निचऱ्यासाठी तळाशी घातलेल्या क्ले बॉल्सच्या (भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांच्या) थरात निम्म्याहून थोडी कमी जागा रिकामी असते, म्हणजे आठवड्याला जवळपास १.३ सेंटिमीटर पाणी साठतं. झाकण बंद असल्याने ते बाहेर उडून जात नाही. ८ सेंटिमीटरचा निचऱ्याचा थर सहा आठवड्यांत तुडुंब. सुरुवातीला सांगितलेला तो दीड महिना हाच. दर रविवारी विहीर उपसा आणि निघालेलं पाणी मोजा. ३००-४०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर फवारा निम्मा करा.

मातीबद्दल एक गैरसमज फार रुजलेला आहे: खाली खडी टाकली की निचरा झाला. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही. बारीक छिद्रं ते धरून ठेवतात आणि मातीचा तळचा थर कायम भिजलेला राहतो. निचरा खडीवर ठरत नाही, मातीच्या भरडपणावर ठरतो. म्हणून नुसतं कोकोपीट नको. नारळाच्या सालाचे १ सेंटिमीटरचे तुकडे ३ भाग, कोकोपीट २ भाग, लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे १ भाग, परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र कण) १ भाग. कोकोपीटची वीट भिजवून तीन पाण्यांतून पिळून घ्या, तिच्यात मीठ असतं. काळी माती चुकूनही नको. ती भिजली की फुगते, हवेची छिद्रं मिटवते. गांडूळखतही नको. शेतात ते सोनं आहे, बंद टाकीत त्याचे क्षार पाण्यात उतरतात आणि काचेवर शेवाळ धरतं.

निचऱ्यासाठी क्ले बॉल्स हलके पडतात. ८ सेंटिमीटरच्या थराला साधारण साडेनऊ लिटर, म्हणजे चारेक किलो. त्याऐवजी १०-१२ मिलिमीटरची काळी खडी चालते, पण तीच जागा भरायला चौदा-पंधरा किलो लागते. स्टँडचा विचार करा. आपल्याकडच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात. त्यातले झिओलाइट निरुपद्रवी, कॅल्साइट मात्र पाणी जड करतं. शंका असेल त्या खड्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर बाजूला काढा. विटेचे तुकडे वापरू नका, वीट स्वतःच वात आहे. थरावर फायबरची मच्छरजाळी दुहेरी अंथरा आणि तिच्या कडा काचेला वर वळवा, नाहीतर माती कडेने खाली झिरपून खड्यांमधली जागा भरते. जाळीवर मातीचे ८ सेंटिमीटर.

चिबडलेली जमीन सावरताना

मासे असतील तर आधी ते बादलीत हलवा. काळा थर उकरला की त्यातला हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळू शकतो, आणि मासे तासाभरात दगावू शकतात. खिडकी उघडी ठेवा.

काळा पट्टा ३ सेंटिमीटरच्या आत असेल तर काही उकरायची गरज नाही. वात तोडा, विहीर रोज उपसा, झाकण ३ सेंटिमीटर उघडं ठेवा, १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर फॅन दिवसातून दोनदा दोन-दोन तास चालवा, आणि आठवडाभर मातीवर थेंबही नको. पानांना मात्र हलका फवारा द्या. दर तीन दिवसांनी काडी. पट्टा खाली सरकताना दिसेल.

पट्टा मोठा असेल तर झाडं हळूच उपसून मुळं बघा. जिवंत मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निसटते आणि आत केसाएवढा दोरा उरतो. तेवढी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा, पानांचा भारही तेवढ्याच प्रमाणात कमी करा, आणि झाड ओल्या परलाइटमध्ये दोन आठवडे ठेवा. टाकीत जुन्या मातीतला वरचा, वास नसलेला भाग परत वापरता येतो. पाण्याकडच्या काठाला थोडा ओलावा राहणारच. तिथे पीस लिली किंवा सिंगोनियम लावा, फिटोनिया आणि पेपेरोमिया मागच्या उंच भागात.

थंडीत एक धोका विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाण्यात हीटर लागतो. वात चालू असलेल्या टाकीत पातळी नकळत उतरते, हीटरचं तोंड उघडं पडतं, आणि गरम काचेवर गार पाणी ओतलं की ती तडकते. हीटर आडवा, तळाशी, आणि पाणी घालण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा. पावसाळ्यात उलटं करायचं: जुलैपासून झाकण दोन-तीन सेंटिमीटर उघडं, मातीवरचा फवारा जवळजवळ बंद, आणि विहीर रविवारऐवजी दर तीन दिवसांनी बघायची.